पदवीधर आहात? मग आमदार निवडायचं तुमचं दुसरं मत असं नोंदवा

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पदवीधर मतदारसंघाची मतदार नोंदणी निघाली की काउंटरवर एकच वाद. "माझं नाव आहे की ओ यादीत, परत कशाला भरायचं?"

ती यादी विधानसभेची. तिथं २८८ आमदार, त्यातले ११ आपल्या जिल्ह्यातले. मोहोळ आणि माळशिरस अनुसूचित जातीसाठी राखीव. बटण दाबलं, शाई लागली, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

विधानपरिषदेचं गणित निराळं. जागा ७८. त्यातले ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ नगरसेवक, झेडपी सदस्य वगैरे मंडळी, १२ राज्यपाल नेमतात. उरले ७ शिक्षकांचे आणि ७ पदवीधरांचे. आपण पुणे पदवीधरमध्ये येतो: पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर, पाच जिल्ह्यांत मिळून एक आमदार. करमाळ्याच्या माणसानं त्याला गाठायचं कुठं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. असो.

या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते. मागचं मतदान डिसेंबर २०२० मध्ये झालं, मुदत सहा वर्षांची. त्या यादीत नाव होतं म्हणून आता चालत नाही.

फॉर्म १८ नंबरचा. शिक्षकांचा १९ नंबरचा, त्यांना गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवल्याचा शाळेचा दाखला लागतो. पदवीधराला दोनच अटी: मतदारसंघात राहणं, आणि त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरच्या आधी पदवीला तीन वर्षं झालेली असणं. ही तीन वर्षं निकालाच्या तारखेपासून मोजतात, पदवीदान समारंभापासून नाही. सोलापूर विद्यापीठ २००४ चं, त्यामुळं आधीच्या लोकांकडं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पदवी असते. तीही चालते. नुसता डिप्लोमा असेल तर फॉर्म वाया घालवू नका.

फोटो, रहिवासाचा पुरावा, पदवी किंवा शेवटच्या वर्षाच्या मार्कशीटची साक्षांकित प्रत जोडा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी त्याचा कागदही आणावा, तिथंच जास्त अडतं. आणि फॉर्म स्वतः द्या, नाहीतर घरातल्या कुणाकडून. कार्यकर्ता "आण इकडं, मी टाकतो" म्हणाला तरी देऊ नका; गठ्ठ्यानं आणलेले फॉर्म घेत नाहीत.

मतदानाला मशीन नसतं, कागद असतो. तिथं दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच, पसंतीच्या उमेदवारासमोर १ लिहायचा. मग वाटलं तर दुसऱ्यापुढं २, तिसऱ्यापुढं ३. एक नंबर नसला तर मत बाद. टिकमार्क केला, सही केली, "एक" असं अक्षरात लिहिलं, तरी बाद. शिकलेल्यांचीच मतं अशी बाद होतात, याचं मला हसू येतं.

दोन-तीन नंबर लिहावेतच, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा कुणालाच गाठता आला नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. फक्त १ लिहिला असेल आणि तोच माणूस बाद झाला, तर तुमची चिठ्ठी तिथंच थांबते.