लेकराचा बीपी झटपट उतरवणारं औषध घरी द्यायची वेळ आली तर

किडनीच्या आजारातून घरी सोडताना काही लेकरांच्या कागदावर रोजच्या गोळ्यांखाली आणखी एक ओळ असते: निफेडिपिन, ‘लागली तरच’. हा लेख तेवढ्यापुरता. कागदावर ती ओळ नसेल, तर आजोबांची बीपीची गोळी अर्धी करून लेकराला देऊ नका.

सुट्टी होतानाच लिहून घ्या: कोणत्या आकड्याच्या वर द्यायची, किती द्यायची, पुन्हा द्यायची का. डोस वजनावर ठरतो, आणि सूज उतरली की वजन चांगलंच कमी भरतं. वजन बदललं की पुन्हा विचारा.

आता मोजणं. रडणाऱ्या, पळून आलेल्या लेकराचा बीपी मोजून काही कळत नाही. लघवीला जाऊन येऊ द्या, पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, उजवा हात छातीच्या पातळीवर ठेवा. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के रुंद हवी; घेर १८ सेंमी असेल तर साधारण ७ सेंमी. पट्टा अरुंद असला की आकडा खोटा चढतो, मोठ्या माणसाचा गुंडाळला की खोटा उतरतो. मनगटाचं मशीन नकोच. आकडा जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा मोजा.

आकडा खरंच वर आहे, पण लेकरू खेळतंय, जेवतंय. अशा वेळी हातात औषध धरून थांबणं मलाही सुरुवातीला फार जड जायचं. आधी डॉक्टरांना फोन करा. हिंगोलीकडच्या खेड्यातून नांदेड गाठायचं म्हणजे वेळ जाणार, त्यामुळे ‘देऊन टाकू, लवकर उतरेल’ असं वाटतंच. पण लवकर उतरण्यातच तर धोका आहे. बरेच दिवस चढलेल्या दाबाची मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सवय झालेली असते. तो एकदम कोसळला की मेंदूला रक्त कमी पडतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बीपी धोकादायक चढलेला असतानाही, जेवढा उतरवायचा त्याच्या पाव हिश्शाहून जास्त पहिल्या आठ तासांत उतरवू नये. म्हणजे १६० वरून १२० वर आणायचा असेल, तर आठ तासांत फार तर १० ने. झटपट निफेडिपिन इतकं मोजून काम करत नाही. कुणाचा थोडा उतरतो, कुणाचा धाडकन.

मोठ्या माणसांत अशाने पक्षाघात आणि हार्ट अटॅक आल्याच्या नोंदी आहेत. १९९६ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात त्यावरून हा वापर थांबवा अशी मागणीही झाली. बहुतेक लेकरांना ते सोसतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ अजून वापरतात, पण नजरेखाली. मेंदूला मार लागलेल्या किंवा मेंदूचा आजार असलेल्या लेकराला घरी मुळीच नको.

कॅप्सूल सुईने टोचून जिभेखाली थेंब पिळायची जुनी पद्धत अजून कुणीतरी सांगतंच. ऐकू नका. जिभेखाली हे औषध जवळजवळ शोषलंच जात नाही, गिळलं जातं तेवढंच काम करतं, आणि किती थेंब गेले याचा हिशेब राहत नाही. सावकाश सुटणारी गोळी कुटून देणं त्याहून वाईट: दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. लहान डोस लागत असेल तर तो कसा मोजायचा, हे सुट्टीच्या दिवशीच सिस्टरकडून, स्वतःच्या हाताने करून, शिकून घ्या.

दिल्याची वेळ लिहा. लेकराला आडवं पडून राहू द्या, लघवीला एकटं उठू देऊ नका. अर्ध्या तासाने मोजा, मग तासाने. आकडा थोडा खाली आला तरी पुरे. नॉर्मल दिसेना म्हणून आपल्या मनाने दुसरा डोस नाही. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला, गरगरलं तर पाय उंच करून झोपवा आणि लगेच दवाखाना.

जोराचं डोकं दुखणं, सारखी उलटी, अंधुक दिसणं, गुंगी किंवा आकडी असेल तर घरी औषधाचा प्रयोगच नको. १०८ ला फोन लावा. आकडीत तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. निघताना औषधाचं पाकीट, सुट्टीचा कागद आणि बीपीची वही सोबत घ्या; कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न ‘काय दिलं, कधी दिलं’ हाच असतो.