कोडगूचा हॉकी उत्सव बघायला जोडीनं, गाडीनं निघताय? या चुका टाळा

बेळगावला हॉकी नवी नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानला १-० ने हरवून सुवर्णपदक आणणाऱ्या संघात आपले बंडू पाटील होते. त्या संघाचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण मराठा लाइट इन्फंट्रीचे, आणि त्या रेजिमेंटचं केंद्र आपल्याच गावात. तरी आज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेक घरांत हॉकी चार वर्षांतून एकदाच येते, तीही टीव्हीवर. उघड्या मैदानाच्या कडेला बसून, चेंडूवर काठी बसल्याचा आवाज ऐकत हॉकी बघायची असेल तर आपल्याच कर्नाटकात एक जागा आहे: कोडगू, म्हणजे कूर्ग.

तिथल्या कोडव समाजातल्या कुटुंबांची ही हॉकी स्पर्धा १९९७ मध्ये पांडंडा कुट्टप्पा यांनी विराजपेटजवळच्या करडा गावी सुरू केली. तेव्हा ६० कुटुंबं उतरली होती. २०२४ ला नापोक्लूत ३६० संघ आले आणि गिनीज बुकात नोंद झाली. २०२५ ला मडिकेरीत, जिल्ह्याच्या मुख्य गावी, ३९६. दर वर्षी यजमान कुटुंब वेगळं, आणि करंडकाला नाव त्याच कुटुंबाचं. एका संघात एकाच घराण्याची माणसं. बाई-पुरुष, शाळकरी पोर आणि साठी ओलांडलेले काका एकत्र खेळतात. कोडगूत रेल्वे नाही, म्हणून जायचं ते रस्त्यानंच. आमच्या ओळखीतली बरीच जोडपी जाऊन आली, आम्हीही जातो. परत आल्यावरच्या तक्रारी ऐकल्या तर बहुतेक त्याच त्या असतात.

फायनलच बघायची, हा हट्ट

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती घरी बसून, गाडीत पाऊल टाकायच्या आधी होते. आपल्याला क्रिकेटची सवय. मोठा सामना म्हणजे शेवटचा सामना, आधीचं सगळं किरकोळ. इथं उलटं आहे.

जरा हिशोब करा. स्पर्धा बाद पद्धतीची, हरला तो घरी गेला. म्हणजे प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर पडणार. ३९६ संघांतून एक विजेता काढायचा तर ३९५ सामने व्हायला हवेत, आणि स्पर्धा चालते साधारण महिनाभर. सरासरी काढली तरी रोजचे तेरा पडतात. पण सुरुवातीला गर्दी आणि शेवटी शुकशुकाट असल्यामुळे पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत मैदान रिकामं राहत नाही. फायनलच्या दिवशी तुम्ही साडेपाचशे किलोमीटर जाऊन एक मुख्य सामना बघणार, तोही माणसांच्या डोक्यांमधून. मधल्या एखाद्या मंगळवारी गेलात तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये पाच-सहा सामने, बसायला जागा आणि शेजारी बसून समजावून सांगायला एखादे आजोबा.

माझं मत विचाराल तर खरी मजा पहिल्या फेऱ्यांतच. पुढं पुढं संघ सराईत होत जातात. राष्ट्रीय, राज्य पातळीवर खेळलेली माणसं असलेली घराणी उरतात, खेळ वेगवान होतो. तेही चांगलंच. या जिल्ह्यानं एम. पी. गणेश, एम. एम. सोमय्या, व्ही. आर. रघुनाथ असे खेळाडू दिलेत, दर्जाला तोटा नाही. पण काकूनं पुतण्याला पास द्यायचा आणि तो चुकला म्हणून मैदानातच त्याला झापायचं, हे पहिल्या आठवड्यातच बघायला मिळतं.

तारखा ठरवताना आणखी दोन गोष्टी. स्पर्धा अलीकडं मार्चअखेर सुरू होऊन एप्रिलअखेर संपते, आधीच्या काही वर्षांत मेमध्येही गेली आहे. आणि जागा ठरलेली नसते. "गेल्या वर्षी नापोक्लूत होती" म्हणून तिकडं गाडी घालाल तर स्पर्धा दुसऱ्याच गावात निघेल. निघायच्या आठवड्यात मडिकेरीचं 'शक्ती' दैनिक बघा, कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या कुणाकडून वाचून घ्या. जोडून सुट्ट्या आल्या असतील, गुड फ्रायडे किंवा १४ एप्रिलला लागून शनिवार-रविवार, तर त्या टाळाच. त्या दिवसांत अर्धं बंगळूर मडिकेरीत उतरलेलं असतं. खोली मिळत नाही, मिळाली तर दर ऐकून हॉकी नको वाटते. अशा वेळी कुशालनगर किंवा विराजपेटला मुक्काम बघावा.

एका दमात पोचायचं

बेळगावहून मडिकेरी पाचशे किलोमीटरच्या वर आहे, निपाणीकरांनी त्यात आणखी पाऊणशे धरावेत. हुबळी-दावणगेरेकडचा हायवे गुळगुळीत, त्यावरून अंदाज बांधला की फसलात. धारवाड, हुबळी, हावेरी, राणेबेन्नूर, हरिहरपर्यंत काटा पळतो. हरिहरला हायवे सोडून होन्नाळीमार्गे शिवमोग्ग्याकडं वळलात की ट्रॅक्टर, बैलगाड्या, गावागावांतले गतिरोधक. पुढं तरीकेरे, कडूर, अरसीकेरे, हासन, अरकलगूड, कुशालनगर. पहाटे चारला निघून रात्री पोचता येतं, येत नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर दोघंही पेंगत असतात, आणि आलो कशाला हा प्रश्न दोघांपैकी एकजण विचारतोच.

शिवमोग्ग्यात मुक्काम करा. पहिल्या दिवशी तीनशेच्या आत, दुसऱ्या दिवशी अडीचशेच्या आसपास. दुसऱ्या दिवशी दुपारी मडिकेरी गाठून संध्याकाळी आराम, तिसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी मैदान. दोघांनाही गाडी येत असेल तर पाळी आधीच ठरवा. "मला झोप येत नाहीये" हे वाक्य ज्यानं उच्चारलं त्याच्या हातातून चावी काढून घ्यावी.

मोबाईल चिक्कमगळूर, मुडिगेरे, सकलेशपूर, सोमवारपेट असा रस्ता सुचवेल. कॉफीच्या मळ्यांतून जाणारा, देखणा. पण अरुंद, वळणावळणाचा, आणि वेळ खाणारा. गाडी लागणाऱ्यानं तर नाव काढू नये. ज्याला लागते त्याला पुढच्या सीटवर बसवा, पोट रिकामं ठेवू नका आणि वळणं चालू असताना मोबाईल बघू देऊ नका. गोळी घ्यायची असेल तर वळणं सुरू व्हायच्या अर्धा-एक तास आधी. ओकारी येतेय म्हटल्यावर घेतलेली गोळी फुकट. गाडी चालवणाऱ्यानं मात्र ही गोळी घेऊ नये, तिनं झोप येते.

कारवार, भटकळ, मंगळूर, सुळ्या असा किनाऱ्याचाही रस्ता आहे, शेवटी संपाजे घाट. लांब पडतो आणि एप्रिलच्या दमटपणात घामानं जीव नकोसा होतो. समुद्र बघायचाच असेल तर परतीला एक दिवस जास्त घेऊन या वाटेनं या.

गाडीनं दगा दिला तर

घाट चढताना तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर एसी बंद, हीटर चालू, काचा खाली. उकडेल, पण इंजिनातली उष्णता बाहेर पडते. काटा उतरत नसेल तर मोकळी जागा बघून थांबा, इंजिन बंद करा आणि थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडून भाजलेली माणसं कमी नाहीत. निघायच्या आधी कूलंट आणि पंख्याचा पट्टा गॅरेजवाल्याला दाखवा. वाटेतली मोठी कटकट टळते.

उतारावर ब्रेकचा जळका वास आला तर समजा की पाय ब्रेकवरच ठेवून उतरताय. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक अधूनमधून. वास आलाच तर थांबून वीस मिनिटं जाऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका.

कुशालनगर सोडल्यावर मडिकेरीच्या वाटेवर आनेकाडूचं जंगल लागतं. कोडगूत हत्ती रस्त्यावर येतात, ही पर्यटकांना घाबरवायची गोष्ट नाही. अंधार पडायच्या आत हा टप्पा पार करा. हत्ती दिसलाच तर लांब थांबा. हॉर्न नको, प्रखर दिवे नकोत, आणि फोटोसाठी काच खाली तर अजिबात नको. मळ्यांच्या भागात रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि थोडी रोकड जवळ बाळगा.

गोलच्या मागं बसू नका

मैदानावर पोचल्यावर नवखी जोडपी हमखास गोलच्या मागची जागा पकडतात. तिथून गोल जवळून दिसणार, असं वाटतं. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, दगडासारखा कडक. इथलं मैदान मातीचं असलं तर चेंडू कुठं उडेल ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मागं जाळी नसेल तर ती जागा बसायची नव्हेच.

चांगली जागा म्हणजे बाजूच्या रेषेला, २३ मीटरच्या रेषेच्या आसपास, दोन-चार पायऱ्या वर. मैदान ९१.४ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. मध्यावर बसलात तर दोन्ही गोल लांब पडतात, कोपऱ्यात बसलात तर अर्धा खेळ कळत नाही. २३ मीटरच्या रेषेवरून निदान एका बाजूची चढाई, पेनल्टी कॉर्नर (चुकीबद्दल समोरच्या संघाला गोलरेषेवरून मिळणारी चढाईची संधी), गोलरक्षकाची उडी सगळं स्वच्छ दिसतं. मध्यंतरानंतर संघांच्या बाजू बदलतात, त्यामुळं दोघांचंही आक्रमण बघून होतं.

दुसरी चूक, नियम न बघता जाणं. जुन्या पिढीतली माणसं अजून "ऑफसाईड!" म्हणून ओरडतात. तो नियम १९९० च्या दशकातच गेला. एवढं माहीत असलं तरी पुरे: गोल धरला जायचा तर गोलसमोर आखलेल्या अर्धवर्तुळाच्या आतून हल्ला करणाऱ्याची काठी चेंडूला लागायला हवी. चेंडू पायाला लागला आणि त्याचा फायदा झाला तर फाऊल. बचाव करणाऱ्यानं अर्धवर्तुळात चूक केली तर बहुतेक वेळा पेनल्टी कॉर्नर. हिरवं कार्ड दाखवलं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर, पिवळं दाखवलं की निदान पाच, तांबडं म्हणजे परत येणं नाही. हे गाडीत हासनपर्यंत सांगून होतं. जोडीदाराला मैदानावर शिकवायला बसाल तर तुम्हीही सामना गमवाल आणि तीही वैतागेल. किंवा तो.

दुपारचा पाऊस

एप्रिलमध्ये कोडगूत वळीव पडतो. कॉफीच्या फुलोऱ्याला हाच पाऊस लागतो, त्यामुळं आकाश काळवंडलं की तुमचा चेहरा पडतो आणि शेजारच्या मळेवाल्याचा खुलतो. बहुतेक वेळा दुपार उतरल्यावर येतो, म्हणून सकाळचे सामने धरून बेत आखा. सामना थांबला म्हणून लगेच उठून जाऊ नका, पुष्कळदा तासाभरात खेळ पुन्हा सुरू होतो. विजा चमकत असतील तर मात्र झाडाखाली किंवा पत्र्याच्या मांडवात न थांबता गाडीत जाऊन बसा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, मागच्या माणसाच्या शिव्या वाचतात.

गाडी गवतावर किंवा शेतात लावायला सांगतील. शक्यतो कडक, उंचवट्याची जागा धरा आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. पाऊस पडून चाक रुतलं तर रेस वाढवून उपयोग नाही, चाक आणखी खाली जातं. स्टिअरिंग सरळ करा, ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांच्यापुढं पायपुसणी किंवा फांद्या घाला, दुसऱ्या गिअरमध्ये हळू सोडा. नाही निघाली तर हाक मारा, चार माणसं लगेच धावतात.

हाक कन्नडमध्ये मारा. आपली मंडळी तिथं जाऊन उगाच हिंदी बोलायला लागतात. कोडव लोकांची बोली वेगळी, पण कन्नड सगळ्यांना येतं, आणि आपलं बेळगावी-हुबळी वळणाचं कन्नड ऐकून ते हसतात, मग चहा पाजतात.

जेवण, आणि दोघांमधले तंटे

'करी' म्हटलं की मटण, हे इथं धरू नका. पंदी करी म्हणजे डुकराचं मांस, काचमपुळी (फळाचा आटवलेला आंबट काळा रस) घालून केलेलं. कडंबुट्टूबरोबर, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या गोळ्यांबरोबर, ते लाजवाब लागतं असं खाणारे सांगतात. ज्यांना चालत नाही त्यांनी ताटात पडायच्या आधी विचारावं, पडल्यावर तोंड वाकडं करू नये. शाकाहाऱ्यांना अक्की रोट्टी आणि चटणी कुठंही मिळते. जाताना शेंगाचटणी आणि चार भाकऱ्या बरोबर असू द्या. कुंद्याचा एक पुडाही. होमस्टेवाल्या बाईंच्या हातात तो ठेवला की दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीत फरक पडतो.

दोघांपैकी एकाला हॉकीचं वेड आणि दुसऱ्याला अजिबात नाही, हे नेहमीचंच. मग तडजोड म्हणून दोन दिवसांत राजा सीट, अब्बी धबधबा, दुबारे, बैलकुप्पेचा मठ आणि तलकावेरी कोंबतात. शेवटी दोघांनाही काहीच नीट मिळत नाही. सकाळ मैदानाला, दुपारनंतर एकच ठिकाण, एवढंच करा. मैदान नापोक्लूकडं असेल तर भागमंडल, तलकावेरी त्याच अंगाला आहेत. आणि ज्याला हॉकी कंटाळवाणी वाटते त्याला एक घराणं निवडून द्या, दुसऱ्यानं समोरचं घ्यावं. ज्याचं घराणं हरेल त्यानं हासनपर्यंत गाडी चालवायची. कंटाळा कुठल्या कुठं पळतो.

परतीच्या दिवशी मात्र मैदानाकडं फिरकूच नका. "अहो, वाटेतच आहे, एकच क्वार्टर बघू" असं म्हणून आत शिरलेलं जोडपं सामना संपल्याशिवाय बाहेर येत नाही, मग कडूरलाच अंधार पडतो आणि शिवमोग्ग्याची खोली रात्री उशिरा गाठावी लागते. सकाळी सातला कुशालनगर सोडा. इडली हासनला खा.