आज्जाच्या हाफ प्लेट कॅमेऱ्यात 400 ची फिल्म

शीट फिल्ममध्ये, म्हणजे एकेका फोटोसाठी सुट्या येणाऱ्या फिल्ममध्ये, 3200 स्पीड शोधत बसू नका. आकडा जितका मोठा तितकी फिल्मला कमी उजेड पुरतो. इल्फोर्डची डेल्टा 3200 आणि कोडॅकची पी3200 रोलमध्येच येतात. पोलरॉइडची 3000 स्पीडची टाइप 57 होती, तीही कधीच गेली. आता 400 ही शेवटची पायरी: एचपी5 प्लस, टी-मॅक्स 400, फोमापॅन 400. मी एचपी5 घेतो, कारण ती ताणली, म्हणजे 400 ची 1600 समजून वापरली आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवली, तरी बिघडत नाही.

आमचा शहापुरातला स्टुडिओ बंद झाला, आज्जाचा सागवानी कॅमेरा तेवढा राहिला. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. हा साइज दुकानात नसतो. इल्फोर्ड वेगळे साइज वर्षातून एकदा ऑर्डरवर बनवते, पण तोवर कोण थांबणार? मी 5 बाय 7 चा डबा आणतो आणि कापतो.

डबा शक्यतो रस्त्यानं येऊ द्या, ओळखीच्या माणसाच्या हाती आला तर उत्तमच. विमानतळावरच्या नव्या सीटी स्कॅनरच्या एक्स-रेमध्ये वेगवान, म्हणजे जास्त स्पीडची, फिल्म आधी मरते. माझा पहिला डबा वाटेत कुणीतरी ‘आत काय आहे बघू’ म्हणून उघडला होता. 25 च्या 25 काळ्याठिक्कर. तेव्हापासून डब्यावर ‘उघडू नका’ मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत लिहून पाठवायला सांगतो. बेळगावात पाट्यांवरून काय काय होतं, पण या पाटीला अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

कापायचं ते पूर्ण अंधारात. आज्जा ऑर्थोला, म्हणजे लाल उजेड न दिसणाऱ्या फिल्मला, लाल दिवा लावायचा, इथं तोही चालत नाही. शीट उभी धरा. शीटच्या कडेला कंपनीनं पाडलेली खाच वर उजव्या कोपऱ्यात बोटाला लागली की इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, तुमच्याकडे. आता डावीकडून 6 मिमी आणि खालून 12 मिमी काढा, म्हणजे खाच शाबूत राहते. मी एकदा वरूनच कापलं आणि मग कुठली बाजू कुठली ते कळेना. ओठाला लावून बघितलं, जी चिकटते ती इमल्शनची. कटरवर लाकडी पट्ट्या चिकटवून ठेवा आणि माप आधी वाया गेलेल्या शीटवर उजेडात जुळवा. जुन्या काचेच्या प्लेटसाठी केलेल्या होल्डरमध्ये फिल्म नुसती ठेवली तर डगडगते, तिला धरून ठेवणारा पत्र्याचा शीथ लागतोच.

खानापुरात आत्तीचं घर आहे. पावसाळ्यात दुपारीही स्वयंपाकघरात खिडकीपुरताच उजेड. 400 ला लेन्सचं तोंड एफ 8 वर ठेवलं तर अर्धा सेकंद येतो, आणि आत्तीचा भाकरी थापणारा हात अर्धा सेकंद थांबत नाही. 1600 धरलं की एक अष्टमांश सेकंद. तेवढ्यात ती पीठ घ्यायला वाकलेली असते तो क्षण मिळतो, बोटं जरा हललेली, पण चेहरा स्वच्छ. सावल्यांतला तपशील जातो, हे मान्य करूनच पुढे जा.

1600 साठी मायक्रोफेन डेव्हलपर, पातळ न करता, 20 अंशाला 11 मिनिटं. आमच्या नळाचं पाणी उन्हाळ्यात 20 ला कुठलं यायला? बाटली घमेल्यात ठेवून भोवती माठातलं पाणी ओततो, वर पिशवीत बांधलेला बर्फ. शीट आधी साध्या पाण्यात भिजवा, नाहीतर एकमेकींना चिकटतात. ट्रेमध्ये एका वेळी चारच, खालची वर काढत राहायची. नखं कापलेली हवीत.

वाळवताना कोपऱ्यातून क्लिप लावून न्हाणीघरात टांगा. पावसात रात्रभर लागते. चुलीच्या बाजूला मात्र नको. काजळी ओल्या जिलेटिनवर बसली की निघत नाही.