कंबर मोजा, पण परकराच्या नाडीवर नको

वजनकाटा तूर्त कोपऱ्यात राहू द्या. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये बायकांची तपासणी शिबिरं घेते, तेव्हा मी काटा सगळ्यात शेवटी काढते. आकडा दिसला की काही जणी ‘जाऊ दे, आपलं काही व्हायचं नाही’ म्हणून उठतात, तर काही ‘माझं पंचावन्नच आहे’ म्हणून निर्धास्त होतात. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे आलेलं, अशा पंचावन्न किलोवालीचीच मला जास्त काळजी वाटते. पोटाच्या आत, यकृत-आतड्यांच्या आजूबाजूला साठलेली चरबी साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी असं सगळंच बिघडवते. मांड्यांवरची त्या मानाने गरीब.

शिंप्याचा टेप, पेन आणि मदतीला घरातली दुसरी बाई, एवढं पुरे. टेप जुना असेल तर स्टीलच्या पट्टीला लावून बघा, वापरून वापरून ताणतो. सकाळी उपाशीपोटी, बाथरूमला जाऊन आल्यावर मोजा.

आता जागा. घोळ होतो तो इथेच, आणि माझाही हात बसायला बराच काळ गेला. बहुतेक जणी टेप लावतात परकराच्या नाडीवर. वर्षानुवर्षं नाडी आवळून तिथे काळपट वळ पडलेला असतो, मांस आत दबलेलं असतं, टेप आपोआप त्या खाचेत जाऊन बसतो. आकडा छान येतो आणि खोटा असतो. दुसरा सल्ला बेंबीचा. दोन बाळंतपणांनंतर सुटलेल्या पोटावर बेंबी कुठवर उतरेल याचा नेम नाही, त्यामुळे बेंबी ही खूण धरायचीच नाही. ‘जिथे सगळ्यात बारीक दिसते तिथे मोजा’ हे तर ज्यांना मुळात कंबर आहे त्यांच्यासाठी.

खूण हाडांची धरायची. काखेतून बोट सरळ खाली आणा, शेवटच्या बरगडीची कड लागेल, तिथे पेनाने रेघ मारा. मग नळावर भांडायला उभं राहावं तसे कमरेवर हात ठेवा. बोटांखाली जे टणक लागतं ती कमरेच्या हाडाची वरची कड. तिथे दुसरी रेघ. या दोन रेघांच्या बरोबर मधे टेप.

अंगाने भरलेल्या बाईचं हे हाड सहज सापडत नाही. तेव्हा वळी वर उचलून धरायला सांगा, बोटं आत दाबा आणि तिला एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायला लावा. हाड बोटाखाली हलतं, मांस तसं हलत नाही. अंदाजाने ‘इथेच असेल’ म्हणू नका. दोन बोटांच्या फरकाने टेप वेगळ्याच घेरावर जातो. दुसरी बाई लागते ती पाठीसाठी. पुढून टेप सरळ दिसत असतो आणि मागे हळूच खाली घसरलेला असतो.

पाय जुळवून, हात सैल सोडून उभं राहायचं. टेप अंगाला टेकलेला, पण रुतलेला नको. टेप लागला की प्रत्येक बाई पोट आत घेते, डॉक्टरीणबाईसुद्धा! म्हणून मी तिला बोलतं करते, ‘काकू, आज डब्याला काय दिलंत?’ आणि उत्तर संपून श्वास आपसूक बाहेर पडला की आकडा वाचते. ओढणीवरून, कुर्त्यावरून मोजायचं नाही. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर परत मोजा.

आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेची मर्यादा 80 सेंटिमीटरची, म्हणजे साडेएकतीस इंच. शिवाय घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. उंची 152 असेल तर 76 च्या आत.

रक्तदाब: पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. लिफ्ट बंद म्हणून चार जिने चढून आल्या आल्या नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्यात दाब उगाच जास्त दाखवतो.

रक्तासाठी उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, बस्स. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ऐंशी तपासण्यांची पॅकेजं राहू द्या. साखर 100 किंवा वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) 150 किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 50 च्या खाली, रक्तदाब 130/85 किंवा वर, आणि कंबर 80 किंवा वर. या पाचांतली तीन जुळली तर महिनाअखेरची वाट न बघता डॉक्टर गाठा. यातल्या कशावर गोळी चालू असेल, तर आकडा चांगला आला तरी ते जुळलं असंच धरा. आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या पाचांत नाही म्हणून ते वाचायचं सोडू नका. पाळी गेल्यानंतर ते बऱ्याच जणींचं चढतं. तीन महिन्यांची साखर, एचबीएवनसी, केली असेल तर हिमोग्लोबिनही सोबत दाखवा, कारण लोह कमी असलं की ती खोटी जास्त येऊ शकते.

कागदावर आणखी एक ओळ लिहून न्या, बहुतेक ठिकाणी ती कुणी विचारत नाही: गरोदरपणात साखर किंवा रक्तदाब वाढला होता का, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा त्रास) आहे का, पाळी चाळिशीच्या आधीच गेली का. मूल आता कॉलेजात असलं तरी लिहा. तो धोका बाळंतपणाबरोबर संपत नाही.

पुढचं माप तीन महिन्यांनी, त्याच टेपने आणि जमलं तर त्याच बाईच्या हातून.