सातूवरची भुरी: प्रतिकार एमएलएचा की एमएलओचा, हे कसं तपासायचं

द्राक्षबागेत भुरी पाहिलेल्याला सातूवरची भुरी लगेच ओळखू येते. पानावर तसंच पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं दिसतं. बुरशी मात्र वेगळी. सातूवरची ब्लुमेरिया द्राक्षावर वाढत नाही आणि द्राक्षावरची सातूवर येत नाही. सातूचं एखादं वाण या भुरीला दाद देत नसेल, तर ते पैदाशीत वापरण्याआधी त्याचा प्रतिकार कोणत्या जनुकामुळे आहे हे ठरवावं लागतं, कारण पुढचं सगळं नियोजन त्यावर उभं राहतं.

मुख्य शक्यता दोन जनुकांच्या. पहिलं एमएलए, गुणसूत्र 1एच वर. याचे प्रकार पुष्कळ आहेत. ते प्रभावी (डॉमिनंट) असतात, म्हणजे जनुकाची एकच प्रत पुरते, पण प्रत्येक प्रकार बुरशीच्या ठरावीक वंशांनाच अडवतो. दुसरं एमएलओ, गुणसूत्र 4एच वर. इथे गणित उलटं आहे. एमएलओचं धड प्रथिन बुरशीच्या फायद्याचं असतं, म्हणून जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच रोप वाचतं. हा प्रतिकार अप्रभावी (रिसेसिव्ह), पण जवळजवळ सगळ्या वंशांवर चालणारा. जर्मनीत 1942 मध्ये क्ष-किरणांनी असा बिघाड मुद्दाम घडवला गेला. इथिओपियाच्या देशी वाणांत तो आपोआप झालेला सापडला. 1979 पासून युरोपातल्या वाणांत हा प्रतिकार आहे आणि अजून टिकून आहे.

रोपं आणि बुरशी

प्रतिकारक आणि रोगाला बळी पडणारं अशा दोन वाणांचा संकर करा. बळी पडणारं वाण म्हणून गोल्डन प्रॉमिस किंवा पॅलास चालेल. कणीस पोग्यात असताना, कुसळांची टोकं नुकती डोकावत असताना, प्रत्येक फुलातले तीनही परागकोश हिरवे असतानाच चिमट्याने काढा. पिवळे झाले असतील तर उशीर झाला, फूल स्वतःच फळलेलं असण्याची शक्यता मोठी. कणसावर कागदी पिशवी चढवा आणि दोन-तीन दिवसांनी पराग द्या. एफ-1, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीच्या रोपांवरही चाचणी घ्या. एफ-1 ला भुरी आली तर प्रतिकार अप्रभावी, हा पहिला धागा इथेच हाती येतो.

एफ-2 ची, म्हणजे एफ-1 स्वपरागित होऊन आलेल्या पुढच्या पिढीची, निदान 100 रोपं हवीत. बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं नको आणि हरितगृहात गंधकाची धुरी नको. या दोन कारणांनी सगळी रोपं खोटी प्रतिकारक दिसतात.

ही बुरशी जिवंत पानावरच जगते, कुठल्याही माध्यमावर वाढत नाही. म्हणून एकाच ठिपक्यापासून वाढवलेलं बुरशीचं शुद्ध आयसोलेट (वेगळा काढलेला नमुना) घ्या आणि ते दर आठवड्या-दहा दिवसांनी ताज्या पानांवर हलवत राहा. आयसोलेट दोन लागतात. एक असं, ज्याला संशयित एमएलए अडवतो, आणि दुसरं असं, ज्याला तो अडवू शकत नाही.

तोडलेल्या पानांची चाचणी

पाण्यात 0.8 टक्के आगर शिजवा. लिटरमागे 40 मिलिग्रॅम बेंझिमिडाझोल थोड्या गरम पाण्यात विरघळवून आगर कोमट झाल्यावर मिसळा. त्यामुळे तोडलेलं पान पिवळं पडत नाही. नाव जवळचं म्हणून त्याऐवजी कार्बेन्डाझिम टाकू नका. ते बुरशीनाशक आहे, चाचणीच संपते.

रोपं 10 ते 14 दिवसांची झाली की पहिल्या पानाच्या मधल्या भागातून 15 मिलिमीटरचे तुकडे कापा आणि वरची बाजू वर ठेवून आगरवर लावा. एकाच पानाचे दोन-तीन तुकडे निघतात, म्हणजे एकच रोप दोन्ही आयसोलेटवर तपासता येतं आणि रोप कुंडीत बियाण्यासाठी जिवंतही राहतं. या पद्धतीचा खरा फायदा हाच. एक तुकडा बुरशीशिवाय ठेवा, कारण एमएलओच्या रोपांवर रोग नसतानाही तपकिरी ठिपके उमटतात.

आदल्या दिवशी रोगट पानांवरचे जुने बीजाणू झटकून टाका. दुसऱ्या दिवशी आलेले ताजे बीजाणू नळकांड्यातून वरून फुंका, कोरडेच. पाण्यात कालवून फवारलेत तर बीजाणू मरतात. शेजारी काचपट्टी ठेवून मोजा: चौरस मिलिमीटरला साधारण 8 पुरेत. डिश 18 ते 20 अंशांना, 12 तास मंद उजेडात ठेवा. 25 च्या वर बुरशी मंदावते आणि आकडे फसवे येतात.

वाचन

सातव्या-आठव्या दिवशी 0 ते 4 गुण द्या. 0 म्हणजे काहीच नाही, 4 म्हणजे भरपूर बीजाणू. चूक होते ती एमएलओच्या पानांवर. बाकी पान स्वच्छ आणि मध्येच एखादा तरारलेला पांढरा ठिपका, असं दृश्य तिथे नेहमीचं. तो एक ठिपका पाहून रोपाला रोगट म्हणू नका, पानभर घनता किती ते पाहा. एमएलएमध्ये बहुधा तपकिरी मेलेले डाग दिसतात. शंका राहिली तर 48 तासांचा तुकडा रंगहीन करून कुमासी ब्ल्यूने रंगवा. एमएलओत बुरशी पेशीभित्तिकेपाशीच थांबलेली असते. एमएलएत ती बऱ्याचदा आत शिरते आणि मग ती पेशीच मरते.

हिशोब

100 रोपांत 31 प्रतिकारक आणि 69 रोगट आली असं धरा. एक अप्रभावी जनुक असेल तर 25 आणि 75 अपेक्षित. काय-स्क्वेअर, म्हणजे आलेले आणि अपेक्षित आकडे किती जुळतात याचं माप: 36 भागिले 25 अधिक 36 भागिले 75, म्हणजे 1.92. याहून जास्त आलं तर गृहीतक फेटाळायचं अशी मर्यादा 3.84, तेव्हा हे गृहीतक टिकतं. एक प्रभावी जनुक असेल तर हेच गुणोत्तर उलटं, 75 प्रतिकारक.

पेच पडतो तो वाणात एमएलए आणि एमएलओ दोन्ही असताना. एमएलए ज्याला अडवतो त्या आयसोलेटवर 13:3 येतं. समजा 78 प्रतिकारक आणि 22 रोगट निघाली. 3:1 शी ताडलं तर 0.48, 13:3 शी ताडलं तर 0.69. दोन्ही गृहीतकं उत्तीर्ण! नुसत्या 100 रोपांच्या आकड्यांनी हा वाद मिटत नाही. दुसरं आयसोलेट मिटवतं: एमएलए त्याला अडवू शकत नाही, म्हणून तिथे फक्त एमएलओ दिसतो आणि प्रतिकारक रोपं चौथ्या हिश्शावर येतात.

खात्रीसाठी प्रत्येक एफ-2 रोपाचं बी वेगळं पेरा. एका एफ-2 रोपाच्या बियांपासून आलेल्या कुटुंबात 10 रोपं तपासलीत तर मिश्र कुटुंब शुद्ध वाटण्याची शक्यता 5.6 टक्के राहते, 16 तपासलीत तर 1 टक्का. जागा कमी असेल तर कुटुंबं कमी घ्या, पण कुटुंबामागे 16 रोपांच्या खाली जाऊ नका.

प्रतिकार अप्रभावी ठरला की ते वाण एमएलओ माहीत असलेल्या ओळीशी संकरित करा, उदाहरणार्थ पॅलासची पी-22. एफ-1 निरोगी निघाली तर दोन्हींत एकच जनुक बिघडलेलं आहे. भुरी आली तर जनुक वेगळं. पुढे बॅकक्रॉस, म्हणजे संकर पुन्हा पुन्हा मूळ चांगल्या वाणाशी, करताना एमएलओ प्रत्येक पिढीत झाकलेला राहतो, म्हणून डीएनए मार्कर वापरा किंवा प्रत्येक बॅकक्रॉसनंतर एक पिढी स्वपरागित करून पुन्हा हीच पानांची चाचणी घ्या.