माळ्यावरचा पितळी हंडा ऑनलाइन लिलावात काढताना

जळगाव-धुळ्याकडे माळ्यावरची पितळी भांडी लिलावाच्या साइटवर टाकणारे बुडतात ते बहुधा कुरिअरच्या खर्चात. म्हणून बोली सुरू करण्याआधीच खोकं भरून मोजा. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त निघाला तर पैसे त्याचेच. ३ किलोचा हंडा ४५×४५×४० च्या खोक्यात ठेवला की १६.२ किलोचं बिल! ३५×३५×३५ मध्ये तेच ८.६ वर येतं. सगळ्या बाजूंनी ५ सेंमी कागदाचे बोळे ठासले की पुरे. पाठवणीचा खर्च वेगळा लिहा.

पोचे, झाळलेले सांधे, तळ यांचे जवळून फोटो टाका. माल परत करणाऱ्याची तक्रार तिथेच असते.

बोली जिंकून गप्प बसणारे भेटणारच. साइटने दिलेली मुदत संपली की दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला त्याने लावलेल्या किमतीत घेतो का विचारा.

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारा हमखास लुबाडणारा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.