परराष्ट्र धोरणाचा अभ्यास सुरू करताय? आधी संयुक्त राष्ट्रांतलं मतदान बघा

एमए असो, यूपीएससी असो की संशोधन, भारताच्या परराष्ट्र धोरणाकडे वळणाऱ्या मुलांना मी पहिली गोष्ट सांगतो ती हीच: सुरुवातीचे काही महिने टीव्हीवरच्या चर्चा बाजूला ठेवा आणि मूळ कागद वाचा. अलिप्ततेकडून (कुठल्याच गटात नाही) बहुसंलग्नतेकडे (एकाच वेळी अनेकांशी जवळीक) झालेला प्रवास सगळेच पाठ करतात. ते चूक नाही, पण धोरण नेमकं कधी वळलं आणि का, हे त्यातून हाती लागत नाही.

इस्रायलचं उदाहरण घ्या. झिओनवादाला, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीला, वंशवाद ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावाला १९७५ मध्ये भारताने पाठिंबा दिला. डिसेंबर १९९१ मध्ये तोच ठराव रद्द करायच्या बाजूने भारताने मत दिलं आणि दीड महिन्यात इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. आता वहीत दोन रकाने आखा. एकात घरचं: १९९१ मध्ये परकीय चलनाचा खडखडाट, गहाण टाकलेलं सोनं, नवं सरकार. दुसऱ्यात बाहेरचं: कोसळणारा सोव्हिएत संघ, माद्रिदमध्ये सुरू झालेली अरब-इस्रायल बोलणी. मतातला बदल कुठून आला ते असं शेजारी-शेजारी मांडल्यावर दिसू लागतं. या विषयात मला खरी गोडी लागली ती असल्या तक्त्यांमुळेच.

जे बदललं नाही तेही तपासा. युक्रेनवरच्या रशियन आक्रमणाविरुद्ध आमसभेत २ मार्च २०२२ ला आलेल्या ठरावावर १४१ देश बाजूने, ५ विरोधात आणि ३५ तटस्थ होते, भारत तटस्थांत. पुष्कळांना हे नवल वाटलं. पण १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसले तेव्हाची भारताची मतं काढून बघा, मॉस्कोला दुखवायचं नाही हा धागा तिथेही सापडतो. कारणं मात्र वेगळी. २०२२ मध्ये रशियन शस्त्रसामग्रीवरचं अवलंबित्व होतं, चीनशी सीमेवर तणाव होता, आणि पुढे स्वस्त तेलाची भर पडली. युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा किरकोळ होता. वर्षभरात रशिया मोठ्या पुरवठादारांच्या पहिल्या रांगेत आला. मतदानानंतर प्रतिनिधी जे स्पष्टीकरण देतात ते वाचायला विसरू नका. नुसत्या मतापेक्षा त्यातून जास्त कळतं.

जी-२० ची बाली (२०२२) आणि दिल्ली (२०२३) इथली जाहीरनामापत्रं समोर ठेवून युक्रेनचे परिच्छेद ताडून बघा. बालीत आमसभेच्या ठरावाचा हवाला देऊन रशियाच्या आक्रमणाचा निषेध नोंदवलेला आहे. दिल्लीत तो नाही. यजमान म्हणून भारताला काय साधायचं होतं आणि त्यासाठी काय सोडावं लागलं, हे एका संध्याकाळच्या वाचनात उमगतं.

मराठी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट आवर्जून करावी. डॉ. आंबेडकरांचं १९५१ चं राजीनाम्याचं निवेदन वाचा. हिंदू कोड बिलाच्या संदर्भात ते नेहमी उद्धृत होतं, पण त्यात परराष्ट्र धोरणावरही कडक टीका आहे: साडेतीनशे कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, आणि हा आपल्या परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे, असा त्यांचा मुद्दा. धोरणाचा हिशेब तिजोरीशी कसा जोडायचा, हे मला तिथे सर्वात स्वच्छ दिसलं.

यानंतर एकच देश निवडा, नेपाळ घ्या किंवा इराण, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांतला त्या देशावरचा मजकूर सलग दहा वर्षांचा वाचा. सोबत संसदेतली प्रश्नोत्तरं ठेवा. प्रबंधाचा विषय बहुधा तिथेच सापडेल.